पाटीवर काय लिहावे आणि पाटी कुठे टांगावी? लातूर-नांदेडच्या दुकान-फलकांचा इतिहास

१.
दुकानावरच्या पाटीला कायदा दोन प्रश्न विचारतो. तिच्यावर काय लिहिले आहे आणि कोणत्या लिपीत? ती कुठे टांगली आहे आणि कशाच्या आधाराने? पहिल्या प्रश्नावर महाराष्ट्रात आंदोलने झाली, खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. दुसऱ्या प्रश्नाची आठवण होते ती बहुधा एखादा फलक कोसळून माणसे दगावल्यावर. लातूर आणि नांदेड या दोन शहरांच्या आधारे या दोन्ही प्रश्नांचा इतिहास मांडणारा हा धागा.

२.
सुरुवात लातूरच्या गंजगोलाईपासून. निजामाच्या राजवटीत, १९१७ साली उभी राहिलेली ही दुमजली वर्तुळाकार बाजारपेठ. तिची आखणी नगररचनाकार फैयाजुद्दीन यांची. मध्यभागी जगदंबेचे मंदिर आणि भोवतालून निघालेले सोळा रस्ते. या रस्त्यांवर सोने, कापड, पादत्राणे, मिरची, गूळ अशा मालाचे बाजार वसले. ‘कापड लाइन’सारखी नावे आजही लातूरकरांच्या तोंडी आहेत.

३.
अशा बाजारात पाटीचे काम रस्ताच करतो. कापड हवे असलेला माणूस कापडाच्या रस्त्याला वळतो, सोने हवे असलेला सराफाच्या. पुढे दुकानदाराचे नाव आणि ओळख पुरते. नांदेडच्या जुन्या भागातील ‘सराफा’ किंवा ‘इतवारा’ ही नावेही याच जातीची. एक धंदा सांगते, दुसरे बाजाराचा वार. बहुसंख्य गिऱ्हाईक निरक्षर असताना लिखित पाटीपेक्षा गल्लीचे नाव अधिक उपयोगी होते.

४.
जगात इतरत्रही हीच अडचण होती, मात्र उत्तर वेगळे निघाले. लंडनच्या दुकानदारांनी अक्षरांऐवजी चित्रांच्या पाट्या लावल्या आणि त्या लोखंडी दांड्यांवरून रस्त्यावर लोंबकळू दिल्या. चढाओढीत पाट्या वाढत गेल्या, जड होत गेल्या. १७१८ मध्ये फ्लीट स्ट्रीटजवळ अशा एका पाटीच्या वजनाने घराचा दर्शनी भागच खाली आला आणि चार जण ठार झाले. १७६० च्या दशकात लोंबत्या पाट्या उतरवून त्या भिंतीला सपाट ठोकण्याचे नियम झाले. पाटीच्या जागेविषयीचा कायदा जन्मला तो असा, अपघाताच्या पोटी.

५.
मराठवाड्यात मात्र आधी लिपीचा प्रश्न उभा राहिला. हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली आणि कचेरी, न्यायालय, शिक्षण यांची भाषा उर्दू झाली. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. संस्थानातील जवळपास निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, सुमारे चौथा हिस्सा मराठी. उर्दू मातृभाषा असणारे साधारण दहातले एक. ज्या भाषेत सरकार बोलत होते, ती बहुसंख्यांच्या घरात बोलली जात नव्हती.

६.
शिवाय सार्वजनिक जागेत काही बोलायचे तर परवानगी लागे. ‘गश्ती निशान ५३’ या कुप्रसिद्ध परिपत्रकाने सभा-संमेलनांना सरकारी मंजुरीची अट घातली होती. अशा वातावरणात निजाम राज्यातील महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला आणि दुसरे १९३८ मध्ये लातूरला भरले. मातृभाषेतून शिक्षण आणि व्यवहार हा या चळवळीचा गाभ्याचा आग्रह होता. मराठवाड्यात देवनागरी पाटीला जी भावनिक धार आहे, तिचे मूळ इथे सापडते.

७.
१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. त्याआधी रझाकारांच्या अत्याचारांनी खेडी होरपळली होती. त्यानंतरच्या आठवड्यांत मुस्लिम वस्त्यांवर हल्ले झाले. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळलेले असल्याचे नोंदवले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. या भूमीत राजभाषा बदलली ती अशा जखमांच्या सोबतीने. म्हणूनच इथल्या पाटीवरची लिपी कधीच निव्वळ अक्षरांची बाब राहिली नाही.

८.
१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभाराची भाषा केले. नगरपालिकांचे कायदे मात्र तीन प्रदेशांत वेगवेगळे होते. मराठवाड्यात हैदराबादचा १९५६ चा जिल्हा नगरपालिका कायदा चालू होता. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका अधिनियमाने ते सारे एका छत्राखाली आणले.

९.
मराठी पाटीचा आग्रह कायद्यात शिरला तो मात्र नगरपालिकेच्या दाराने नव्हे. तो आला दुकाने व आस्थापना कायद्यातून, म्हणजे कामगारांचे तास, सुट्ट्या आणि नोंदणी पाहणाऱ्या कायद्यातून. १९६१ च्या नियमावलीत पुढे तरतूद झाली की आस्थापनेचा नामफलक देवनागरी लिपीतील मराठीत असावा आणि इतर भाषा असल्यास मराठी ठळक असावी. नियम होता, अंमल क्षीण होता. २००८ मध्ये मुंबईत यावरून आंदोलन पेटले तेव्हा अनेकांना असा नियम असल्याचे प्रथमच कळले.

१०.
२०१७ मध्ये जुना कायदा जाऊन नवा आला. व्यवसाय सुलभ व्हावा म्हणून तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू करण्यात आला. त्यातून एक अनपेक्षित पळवाट निघाली. लातूरच्या गोलाईतले किंवा नांदेडच्या वजिराबादेतले बहुतेक दुकान मालक, त्याचा मुलगा आणि दोन-तीन नोकर यांच्यावर चालते. अशा सगळ्या लहान दुकानांच्या पाट्या नियमाच्या कक्षेबाहेर गेल्या.

११.
२०२२ च्या मार्चमध्ये विधिमंडळाने कलम ३६-अ घालून ही पळवाट बुजवली. कामगार कितीही असोत, फलक मराठी देवनागरीने सुरू झाला पाहिजे आणि मराठी अक्षरे इतर कोणत्याही लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत. मद्यविक्री होणाऱ्या ठिकाणांना थोर व्यक्तींची किंवा गडकिल्ल्यांची नावे देण्यासही मनाई झाली. त्याआधीच, २३ फेब्रुवारी २०२२ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने मराठी फलकाच्या नियमाविरुद्धची व्यापारी संघटनेची याचिका फेटाळली होती आणि तिला पंचवीस हजार रुपये खर्च भरायला लावला होता.

१२.
प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. दसरा-दिवाळी तोंडावर होती. वकिलांवरचा पैसा नव्या पाट्यांवर खर्च करावा, असा न्यायमूर्तींचा व्यवहारी सूर होता. लिपीच्या प्रश्नाचा कायदेशीर निकाल तिथे लागला.

१३.
हा नियम काय सांगत नाही, हेही पाहण्याजोगे आहे. तो दुसरी लिपी पुसायला सांगत नाही. नांदेडच्या बाबतीत ही बाब फार मोलाची. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये इथे देह ठेवला आणि महाराजा रणजितसिंगांनी १८३० च्या दशकात सचखंड गुरुद्वारा बांधवला. पंजाबातून येणाऱ्या यात्रेकरूला गुरुमुखी पाटी वाट दाखवते. देगलूर-बिलोलीच्या पलीकडे तेलुगू सुरू होते, उदगीर-निलंग्याच्या पलीकडे कन्नड. मराठी प्रथम आणि ठळक असली की या सर्व लिपींना पाटीवर जागा आहे.

१४.
उर्दूचा प्रश्नही न्यायालयात आला, पण शेजारच्या विदर्भातून. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठीखाली उर्दूतही नाव लिहिलेले होते. १९५६ पासूनची ही प्रथा बंद करावी, अशी मागणी झाली. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. मराठीसोबत उर्दू वापरण्यास कायद्याची बंदी नाही, भाषा ही कोण्या धर्माची मालमत्ता नव्हे आणि पाटीचा हेतू लोकांपर्यंत पोहोचणे हा आहे, असा त्या निकालाचा आशय. मराठवाड्याच्या इतिहासाशी परिचित असलेल्याला या निकालाचे वजन वेगळे सांगावे लागत नाही.

१५.
आता दुसरा प्रश्न : पाटी टांगायची कुठे? इथे एक सुंदर शब्द भेटतो, ‘आकाशचिन्ह’. पुणे महापालिकेत तर चक्क ‘आकाशचिन्ह व परवाना विभाग’ आहे. शब्द ज्योतिषाचा वाटतो, पण तो ‘स्काय साइन’चा शब्दशः मराठी अवतार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या छपरांवर सांगाडे उभारून त्यांत प्रचंड अक्षरे बसवण्याची लाट आली. १८९१ मध्ये तिथे खास कायदा करून अशी नवी चिन्हे उभारण्यास मनाई झाली. त्या कायद्याची भाषा पुढे मुंबईच्या महापालिका कायद्यात आणि तिथून १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्यात उतरली.

१६.
व्याख्येचा मथितार्थ असा : इमारतीवर खांब किंवा सांगाड्याच्या आधाराने उभारलेली आणि रस्त्यावरच्या कोणत्याही ठिकाणाहून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी जाहिरात म्हणजे आकाशचिन्ह. जाहिरातीचा फुगासुद्धा त्यात आला. कठड्याला पक्की बसवलेली सलग फळी मात्र वगळली. रेल्वेच्या स्वतःच्या कामाच्या, तिच्याच हद्दीतल्या फलकांनाही सूट मिळाली, पण एका अटीवर : तो फलक रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेत पडू शकणार नाही अशा रीतीने बसवलेला असावा. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे काय होते ते या अटीत उघड दिसते. त्यांना भीती होती ती फलक कोसळण्याची.

१७.
हाच १९४९ चा कायदा आज ‘महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम’ या नावाने नांदेड आणि लातूरला लागू आहे. नांदेड-वाघाळा महापालिका १९९७ मध्ये झाली, लातूर महापालिका २०११ मध्ये. कलम २४४ प्रमाणे आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय आकाशचिन्ह उभारता येत नाही आणि ती परवानगी एका वेळी दोन वर्षांहून अधिक काळासाठी देता येत नाही. कलम २४५ इतर जाहिरातींचे नियंत्रण करते. मे २०२२ मध्ये राज्याने महापालिकांसाठी आकाशचिन्हे व जाहिरातींचे नवे नियमही अधिसूचित केले.

१८.
दोन वर्षांची मर्यादा का? कारण लोखंड गंजते, पाया खचतो, बोल्ट सैलावतात. परवाना नूतनीकरण हे कागदी सोपस्कार वाटते, प्रत्यक्षात तो सांगाडा पुन्हा तपासण्याचा प्रसंग असतो. नूतनीकरण रखडले की नुसते शुल्क बुडत नाही, तपासणीही बुडते. आणि ज्याला परवानाच नाही तो फलक कोणाच्याच नोंदवहीत नसतो. त्याचे वय, वजन, पाया यांतले काहीच पालिकेला ठाऊक नसते.

१९.
या शतकाच्या पहिल्या दशकात फ्लेक्स आला आणि प्रश्न पार बदलला. पूर्वी पेंटर पत्र्यावर वा फळीवर हाताने अक्षरे काढी. त्याला वेळ लागे, पैसा लागे, म्हणून पाटी आटोपशीर राही. फ्लेक्सने भव्य आकार स्वस्त केला. पण वाऱ्यासमोर ताणलेले सलग कापड शिडासारखे वागते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये अवकाळीचे वादळ काही मिनिटांत उठते. सांगाड्याची खरी परीक्षा तेव्हा असते.

२०.
फ्लेक्सला लातुरात एक खास आशयही मिळाला. ‘लातूर पॅटर्न’च्या लौकिकामुळे राज्यभरातून विद्यार्थी येऊ लागले, शिकवण्यांचा स्वतंत्र भागच वसला आणि गुणवंतांची छायाचित्रे व गुण मिरवणारे फलक चौकाचौकांत चढले. नांदेडही त्याच वाटेने गेले. जाहिरातदाराला चौक हवा असतो, कारण तिथे सर्वांची नजर जाते. वाहनचालकाची नजर रस्त्यावर राहायला हवी ती नेमकी तिथेच. सोळा रस्ते एकत्र आणणारी गोलाई या पेचाचे जणू प्रात्यक्षिक आहे. तिच्या वक्र भिंतीवर चढणारा प्रत्येक फलक शंभर वर्षांच्या वास्तूचा एक तुकडा झाकतो, तो वेगळाच.

२१.
पैशाची बाजूही आहे. जाहिरातींवरचा कर हे पालिकांचे हक्काचे उत्पन्न होते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि राज्यसूचीतील जाहिरात कराची नोंद घटनादुरुस्तीने वगळली गेली. पालिकांकडे परवाना शुल्क आणि जागेचे भाडे उरले. ज्याच्याकडून उत्पन्न घ्यायचे त्याच्यावरच अंकुश ठेवायचा, असे दुहेरी काम परवाना विभागाकडे असते. बेकायदा फलकांविषयीच्या जनहित याचिकेत उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये राज्यातील पालिकांना सविस्तर आदेश दिले, ते ही यंत्रणा स्वतःहून हलत नव्हती म्हणूनच.

२२.
किंमत कोणी मोजली? ५ ऑक्टोबर २०१८ : पुण्यात रेल्वेच्या जागेवरील फलकाचा सांगाडा उतरवताना तो भर चौकात वाहनांवर कोसळला, चार मृत्यू. १७ एप्रिल २०२३ : पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे वादळी पावसात आडोशाला थांबलेल्यांवर फलक पडला, पाच मृत्यू. १३ मे २०२४ : मुंबईतील घाटकोपरला पेट्रोल पंपावर महाकाय फलक कोसळला, सतरा मृत्यू. दगावलेल्यांपैकी बहुतेकांचा त्या फलकांशी काडीचाही संबंध नव्हता.

२३.
घाटकोपरचा फलक सुमारे १२० फूट लांब आणि तितकाच रुंद होता. मुंबईतील मर्यादा ४० बाय ४० फुटांची. म्हणजे क्षेत्रफळ मर्यादेच्या नऊपट. तो रेल्वे पोलिसांच्या ताब्यातील जागेवर होता आणि महापालिकेची परवानगी लागते की नाही, यावर यंत्रणांचे एकमत नव्हते. सोळाव्या भागातील ती जुनी अट इथे आठवावी. रेल्वेला सूट देतानाही कायद्याने पाहिले होते की फलक रस्त्यावर पडणार तर नाही ना. जागा कोणाची यावर वाद घालणाऱ्यांनी तेवढे पाहिले असते तरी पुष्कळ होते.

२४.
लातूर-नांदेडच्या एखाद्या दुकानासमोर उभे राहिल्यास हा सारा इतिहास एकाच चौकटीत दिसतो. अक्षरे कामगार विभागाच्या अखत्यारीत; ज्या लोखंडावर ती उभी आहेत ते महापालिकेच्या. पाटीतली इंग्रजी मोठी की मराठी, हे पाहणारा अधिकारी तिचे बोल्ट तपासत नाही. बोल्ट तपासणाऱ्याला तिच्या लिपीशी कर्तव्य नाही. एकाच पाटीची दोन दप्तरे आहेत, आणि गाजावाजा झाला तो एकाच दप्तराचा.

२५.
लिपीचा आग्रह क्षुल्लक होता असे यातून मुळीच निघत नाही. ज्या प्रदेशात दोन पिढ्यांनी आपली भाषा कचेरीच्या दाराबाहेर उभी असलेली पाहिली, तिथे ती दुकानाच्या माथ्यावर येणे ही कमाई आहे. पण ती कमाई ज्याच्यासाठी, तो रस्त्याने चालणारा माणूस पाटी वाचायला तिच्याखालीच उभा राहतो. परवाना कोणत्या तारखेपर्यंत, सांगाड्याचे प्रमाणपत्र कोणत्या अभियंत्याचे, आकार परवानगीइतकाच आहे का, हे प्रश्न माहितीच्या अधिकारात कोणाही नागरिकाला पालिकेकडे विचारता येतात. ते विचारायचे तर अवकाळीच्या आधी, फाल्गुनातच विचारलेले बरे.